ग्रामसभा भरण्याआधी आणि उठल्यानंतर

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढा (लेखा) गावची घोषणा आज महाराष्ट्रभर माहीत आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याच्या वाटेवर असलेल्या या लहानशा गोंड गावाने ती नुसती भिंतीवर लिहिली नाही, अंमलात आणली. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. त्या आंदोलनातून या भागात गावाच्या स्वशासनाचा विचार रुजला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने, तो पुढे नेला. २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आणि शेजारचं मर्दा ही गावं होती.

पण हक्काचा कागद हाती आला आणि बांबूची गाडी लगेच सुटली, असं झालं नाही. बांबू वाहून न्यायचा परवाना कोणी द्यायचा, यावर गाडं अडलं. अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. वनहक्क कायदा २००६चा, हक्क २००९चा, परवाना २०११चा. या मधल्या काळात गाव टिकून राहिलं ते दोन सवयींच्या जोरावर. एक, निर्णयाआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. दुसरी, झालेला निर्णय लिहून ठेवायचा आणि त्याचा पाठपुरावा सोडायचा नाही.

हा लेख त्या दोन सवयींबद्दल आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावात, टोल्यात राहणाऱ्या आणि ‘ग्रामसभेत बोलून काय होतं?’ असं कधीतरी म्हणालेल्या प्रत्येकासाठी तो लिहिला आहे. ग्रामसभेत बोलून पुष्कळ होतं. मात्र त्यासाठी सभेआधी आणि सभेनंतर थोडं काम करावं लागतं, आणि ते काम कोणालाही जमण्यासारखं आहे.

आपली ग्रामसभा कोणती?

पुष्कळ गोंधळ इथेच होतो. ‘ग्रामसभा’ हे नाव एक असलं तरी कायदे वेगवेगळे आहेत आणि त्यानुसार सभेचे अधिकार बदलतात.

पहिली सभा ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या ओळखीच्या तारखा. घरकुलाचे लाभार्थी, गावाचा विकास आराखडा, मागच्या वर्षाचा जमाखर्च हे विषय तिच्यासमोर यावे लागतात.

दुसरी पेसा ग्रामसभा. १९९६चा केंद्राचा पेसा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे मार्च २०१४चे नियम अनुसूचित क्षेत्राला लागू आहेत. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपुरातली राजुरा-जिवतीकडची गावं त्यात येतात. गट ग्रामपंचायतीत पाच-सात टोले असतात आणि सभा मात्र मुख्य गावात भरते. दूरच्या टोल्यातल्या माणसाला नदी ओलांडून, मजुरी बुडवून तिथे जायला जमत नाही. पेसाने यावर उपाय दिला आहे. टोल्यातले मतदार ठराव करून आपल्या वस्तीची स्वतंत्र ग्रामसभा घोषित करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्याकडे करू शकतात. आपला टोला स्वतंत्र घोषित झाला आहे का, हे आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. झाला नसेल, तर पहिला ठराव त्याचाच करा.

तिसरी वनहक्काची ग्रामसभा. २००६चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे, हे अजून कित्येकांना माहीत नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने याच कायद्याने २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ‘आमचं गाव पेसात येत नाही, मग जंगलाशी आमचा काय संबंध?’ असं कोणी म्हणालं, तर त्याला पाचगावचं नाव सांगा.

गणपूर्ती, म्हणजे कोरम, या सभांत वेगवेगळी असते. ग्रामपंचायतीच्या सभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी, तेवढे मतदार लागतात. वनहक्काच्या सभेला निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. ही अट पाळली नाही, तर पुढे दावा फेटाळायला कोणालाही आयतं कारण मिळतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्रामपंचायतीची सभा कोरमअभावी तहकूब झाली, तर पुन्हा भरणाऱ्या सभेला कोरमची अट राहत नाही. पहिल्या दिवशी आपण घरी राहिलो, तर दुसऱ्या दिवशी मोजकी माणसं साऱ्या गावाचा निर्णय घेऊ शकतात.

तारीख सरकारची, वेळ गावाची

झाडीपट्टीत १५ ऑगस्टच्या आसपास कित्येक शिवारांत धानाची रोवणी चालू असते. १ मेला तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून परतायचं, दुपारभर सारं घर मिळून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, द्यायचे. अशा दिवशी सकाळी दहाला सभा ठेवली, तर तिला कोण येणार? ज्यांच्या पोटाचा प्रश्न सभेत चर्चेला येणार, तीच माणसं सभेबाहेर राहतात.

म्हणून सभेची वेळ हा पहिला मुद्दा करा. सरपंच आणि ग्रामसेवक यांना (ग्रामसेवकाचं पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं आहे) आधीच लेखी सांगा, की सभा संध्याकाळी ठेवावी किंवा हंगाम आटोपल्यावर विशेष सभा बोलवावी. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे आणि तिच्यावर विषय लिहिलेले पाहिजेत. नोटीस पंचायतीच्या फळ्यावर असली, की काम भागत नाही. दवंडी द्या, टोल्याटोल्यात निरोप पाठवा, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाका. आपला विषय नोटिशीवर यावा, असं वाटत असेल तर नोटीस निघण्याआधी तो लेखी द्या आणि पोच घ्या. ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीत आलेल्या प्रश्नाकडे कोणी लक्ष देत नाही. तोपर्यंत माणसं उठायला लागलेली असतात.

अभ्यासगट: दहा माणसं आणि एक वही

मेंढ्याच्या कामाचा कणा म्हणजे अभ्यासगट. तिथला नियम साधा आणि शहाणपणाचा आहे: अभ्यास अभ्यासगट करतो, निर्णय ग्रामसभा घेते. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो, चर्चा करू शकतो. पण निर्णयाच्या वेळी आवाज गावाचाच. शिवाय मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध असला, तर बहुमताच्या जोरावर तो गप्प केला जात नाही. चर्चा पुढे चालू राहते. याला वेळ लागतो. पण असा निर्णय गाव मनापासून पाळतं, कारण ‘आमचं कोणी ऐकलं नाही’ असं म्हणणारं कोणी मागे राहिलेलं नसतं.

तुमच्या गावात अभ्यासगट सुरू करायला कुठल्याही परवानगीची गरज नाही. आठ-दहा जण पुरेत. निम्म्या बाया असाव्यात, एखादा म्हातारा जाणता माणूस असावा, एखादी शिकलेली मुलगी असावी जी वाचून दाखवेल आणि लिहून घेईल. एका बैठकीत एकच विषय घ्या. पहिल्या काही बैठकांत एवढं तरी करा:

- गावाचा विकास आराखडा ग्रामपंचायतीतून मिळवा. कोणत्या कामाला किती रक्कम धरली आहे, ते मोठ्याने वाचा.
- आराखडा हातात धरून शिवारफेरी काढा. कागदावरची नाली, हातपंप, सिमेंट रस्ता जागेवर आहे का, ते पाहून वहीत नोंद करा.
- पेसा गाव असेल, तर ‘पाच टक्के अबंध निधी’ किती आला आणि कशावर खर्च झाला, ते विचारा. हा आदिवासी उपयोजनेतला निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभेने ठरवायचं असतं.
- गावातली बोडी, मामा तलाव, गोठाण, स्मशानभूमी, देवस्थानाची जागा यांची यादी करा. प्रत्येक जागा कोणाच्या ताब्यात आहे, ते लिहा.

एवढी वही भरली, की सभेत बोलणाऱ्याचा आवाज आपोआप बदलतो. ‘गावात काहीच कामं होत नाहीत’ या तक्रारीला कोणी उत्तर देत नाही. ‘आराखड्यात या हातपंपाची दुरुस्ती मागच्या वर्षी दाखवली आहे, पंप अजून बंद आहे, त्या खर्चाचं बिल दाखवा’ या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

ठराव कसा लिहावा

ग्रामसभेच्या नोंदवहीत एक वाक्य नेहमी सापडतं: ‘गावाला रस्ता मिळावा असे सर्वानुमते ठरले.’ कुठला रस्ता, कोणाकडून, कधीपर्यंत, कोणी मागायचा? असा ठराव पंचायत समितीत पोचला, तरी त्याचं पुढे काहीच करता येत नाही. ठरावात पाच गोष्टी असाव्यात: नेमकं काम, नेमकी जागा, कायद्याचा किंवा योजनेचा आधार, कोणत्या कार्यालयाने काय करायचं, आणि गावातलं कोण पाठपुरावा करणार.

जंगल जिल्ह्यांत नेहमी अडणारं उदाहरण घेऊ. टोल्याला शाळेपर्यंत रस्ता हवा आहे, मधला तुकडा वनजमिनीचा आहे आणि ‘वनविभागाची परवानगी नाही’ म्हणून काम थांबलं आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२)मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची सोय, विजेची लाइन, तलाव, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा सोयींसाठी सोपी वाट दिली आहे. प्रत्येक कामाला लागणारी वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. एवढं असलं, की प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यामार्फत विभागाच्या उपवनसंरक्षकाकडे जातो. दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. मग ठराव असा लिहा:

‘टोला ते जिल्हा परिषद शाळा हा रस्ता कंपार्टमेंट क्रमांक अमुकमधून जातो. लांबी अमुक मीटर, रुंदी अमुक मीटर, लागणारी वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी. तोडावी लागणारी झाडे अमुक. ती ग्रामसभेने जागेवर जाऊन मोजली आहेत. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) अन्वये ही ग्रामसभा या कामाची शिफारस करते. बांधकाम यंत्रणेने विहित नमुन्यात प्रस्ताव करून या ठरावासह वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे सादर करावा. ठरावाची प्रत आठ दिवसांत दोन्ही कार्यालयांत देऊन पोच घेण्याची जबाबदारी अमुक व अमुक यांची. पुढील सभेत ते अहवाल देतील.’

यात अवघड असं काहीच नाही. टेप घेऊन रस्ता मोजायचा, झाडं मोजायची, कलमाचा आकडा लिहायचा. पण असा कागद टेबलावर आला, की ‘पाहू’ म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

सही करण्याआधी ऐका

सभेचं इतिवृत्त सभा संपण्याआधी लिहून पूर्ण करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या जिल्ह्यांत हे एका भाषेत भागत नाही. भामरागडकडे माडिया, पुष्कळ ठिकाणी गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली. घराघरांत या भाषा चालतात. मराठीत लिहिलेला ठराव गावच्या भाषेत समजावून सांगितला नाही, तर ‘सर्वानुमते’ या शब्दाला अर्थ उरत नाही. समजावून सांगायला गावातलंच कोणी उभं राहावं.

कोऱ्या पानावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. हजेरीच्या रजिस्टरवर वरती तारीख आणि सभेचा विषय आधी लिहिलेला असावा. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून पान बंद करा, म्हणजे नंतर कोणी भर घालू शकत नाही. सभा उठण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. दिलेल्या प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. गावाची एक फाइल करा आणि ती एकाच घरी कोंडून ठेवू नका. ग्रामसभा जिथे बसते, तिथे ती असावी.

जंगलावरचा हक्क आणि पैशाचा हिशेब

सामूहिक वनहक्काचा दावा अजून केला नसेल, किंवा जुना दावा कुठे अडला असेल, तर वनहक्क समितीपासून सुरुवात करा. ती ग्रामसभेने निवडायची असते: १० ते १५ सदस्य, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. पुराव्याची चिंता करू नका. विदर्भातल्या गावांकडे निस्तार पत्रकासारखा भक्कम सरकारी कागद आहे. कोणत्या जंगलातून गावाने सरपण, बांबू, चराई, गवत घ्यायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. तहसील कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मागा. सोबत जाणत्या माणसांचे लेखी जबाब, देवस्थानं, जुने पाणवठे, जुन्या वस्तीच्या खुणा, गावाची शीव दाखवणारा नकाशा जोडा. किमान दोन प्रकारचे पुरावे असावेत. दावा ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. दावा फेटाळला, तर लेखी कारण मागा. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय स्तरावर अपील करायची सोयही राज्यपालांच्या २०२०च्या अधिसूचनेने झाली आहे.

गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत. त्यामुळे अनेक गावांपुढे आता हक्क मिळवण्यापेक्षा तो सांभाळण्याचा प्रश्न आहे. तेंदू आणि बांबू विकून ग्रामसभेच्या खात्यात मोठी रक्कम येते. जिथे हिशेब उघडा नसतो, तिथे भांडणं लागतात आणि ठेकेदाराचं फावतं. काही गोष्टी कटाक्षाने पाळा. ठेकेदाराशी करार ग्रामसभेत वाचून करा. त्यात दर, आगाऊ रक्कम, उरलेली रक्कम कोणत्या तारखेला आणि ती जमा झाल्याशिवाय माल उचलता येणार नाही, हे स्पष्ट लिहा. वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीला आहे; पैसे जमा झाल्याची पावती पाहिल्याशिवाय परवाना फाडू नका. फळीवर दररोज कोणाचे किती पुडे आले, ते फळ्यावर लिहा. ७० पानांचा पुडा आणि हजार पुड्यांची गोणी हा हिशेब लहान पोरालाही येतो. तो सगळ्यांसमोर मांडला, की संशयाला जागा राहत नाही. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. एकट्या गावाला ठेकेदार जो भाव देतो, त्याहून चांगला भाव अनेक गावं मिळून मागू शकतात.

पाचगावने आणखी एक पाऊल टाकलं. तेंदूच्या हंगामात झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि जंगलाची हानी होते, हे पाहून गावाने तेंदूतोड बंद केली. हातातलं उत्पन्न सोडून बांबूवर भर दिला आणि जंगलातला सुमारे ३४ हेक्टरचा चांगला तुकडा हात न लावता राखून ठेवला. प्रत्येक गावाने हेच करावं, असं नाही. कित्येक घरांचं वर्ष तेंदूवर निघतं. पण हा निर्णय गावाने स्वतः, जंगल पाहून, चर्चा करून घेतला. ग्रामसभेच्या हाती अधिकार आल्यावर काय घडू शकतं, याचा तो दाखला आहे.

दाखला, रेशन, माहिती: एकट्याने लढायचं तेव्हा

प्रत्येक काम ग्रामसभेत न्यावं लागत नाही. जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी, नमुना ८चा उतारा, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. प्रत्येक सेवा किती दिवसांत द्यायची, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. अर्ज दिला, की पोच घ्या. मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ३० दिवसांत दुसरं, आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील करता येतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘उद्या या’ हे उत्तर तोंडी ऐकून परतू नका. ते लेखी द्या, असं शांतपणे म्हणा.

कागद दडवला जात असेल, तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून ‘का केलं नाही?’ असे प्रश्न विचारू नका, कागद मागा: मोजमाप पुस्तिका, देयक, हजेरीपट, ठरावाची प्रत. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही, तर पहिलं अपील करा.

जनसुनावणीची नोटीस आली तर

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी आणि वीज केंद्रं, गडचिरोलीत लोहखनिज. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. नोटीस किमान ३० दिवस आधी निघते आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध असावा लागतो. हे ३० दिवस वाया घालवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातून अहवाल मिळवा आणि आपल्या गावाचं पाणी, नाले, धूळ, रस्ते, जंगल यांबद्दल त्यात काय लिहिलं आहे, ते शोधा. कित्येकदा अहवालात गावचा नालाच नसतो किंवा जंगलातलं एखादं देवस्थान सुटलेलं असतं. अशी प्रत्येक चूक गट क्रमांकासह, फोटोसह लेखी मांडा. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी, असा नियम आहे. ती दूर ठेवली असेल, तर त्यावरचा आक्षेपही आधीच नोंदवा. सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि शेवटी निवेदनांचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. तो ऐकल्याशिवाय उठू नका. लेखी निवेदन देऊन पोच घेतली असेल, तर तुमचं म्हणणं सारांशातून सुटलं तरी पुरावा तुमच्या हातात राहतो.

ग्रामसभेच्या मताला किती वजन येऊ शकतं, ते ओडिशातल्या नियमगिरीने दाखवलं. तिथल्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांपुढे ठेवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. डोंगर राहिला.

बाया बोलल्याशिवाय सभा पूर्ण नाही

नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती नावापुरती उरू देऊ नका. पाणी, रेशन, अंगणवाडीतला आहार, दवाखान्यातली नर्स, संध्याकाळी दारूने बिघडणारं घर, हे विषय सर्वांत जास्त बायांना कळतात. गडचिरोलीतली दारूबंदी १९९३ची, आणि तिच्यामागे गावागावांतल्या बायांचा जोर होता. चंद्रपुरातल्या बाया डिसेंबर २०१०मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. या साऱ्यातून एक धडा प्रत्येक ग्रामसभेने घ्यावा. निर्णय मिळवायला जेवढी माणसं लागतात, तो टिकवायलाही तेवढीच लागतात. निर्णय झाला, की जो तो आपापल्या घरी गेला, तर तो उलटवायलाही वेळ लागत नाही.

पुढच्या सभेआधी एवढं करा

सुरुवात मोठी असण्याची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेआधीच्या महिन्यात चार कामं करा. पहिल्या आठवड्यात आठ-दहा जण बसून अभ्यासगट सुरू करा आणि ग्रामपंचायतीतून विकास आराखडा मागा. दुसऱ्या आठवड्यात आराखडा घेऊन शिवारफेरी करा. तिसऱ्या आठवड्यात सर्वांत निकडीचा एकच विषय निवडा, त्यावर पाच मुद्द्यांचा ठराव लिहून काढा आणि विषय नोटिशीवर घेण्यासाठी लेखी अर्ज द्या. चौथ्या आठवड्यात टोल्याटोल्यात जाऊन त्या विषयावर बोला, विशेषतः ज्यांचा विरोध असेल त्यांच्याशी.

सभेत ठराव झाला, की पोच घेऊन पाठपुरावा सुरू करा आणि पुढच्या सभेचा पहिला विषय ‘मागील ठरावाचं काय झालं’ हाच ठेवा. एका ठरावाचं काम प्रत्यक्ष झालेलं गावाने पाहिलं, की पुढच्या सभेला माणसं बोलवावी लागत नाहीत. मेंढा आणि पाचगाव ही आपल्यासारखीच गावं आहेत. तिथली माणसं तयारी करून सभेत बसतात आणि सभा उठल्यावर काम सोडत नाहीत. तुमच्या गावालाही हे जमेल. त्याची पहिली बैठक याच आठवड्यात घ्या.